सरासरी आणि भार : मुलांच्या गुणांचा खरा हिशेब

(एक सभासद-शिक्षक, बी.एस्सी., बी.एड., बेळगाव)

न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहून द्यावे, असा संपादक मंडळाचा निरोप आला, तेव्हा मी थोडा संकोचलो. आठवणी लिहिणारे, कविता करणारे आपल्यात पुष्कळ आहेत. मी गणिताचा मास्तर. माझ्याजवळ खडू आणि फळा. पण विचार करता करता एक जुना प्रसंग आठवला आणि वाटले, की स्मरणिकेत गणिताचाही एक धडा असण्यास हरकत नाही. कारण हा धडा आपल्या न्यासाच्या कामात, माझ्या हातून झालेल्या एका चुकीतून निघालेला आहे.

२०१६ सालची गोष्ट. दहावीचा निकाल लागून न्यासाच्या शिष्यवृत्तीचे अर्ज आले होते. पहिल्या दहा मुलांना शिष्यवृत्ती द्यावयाची, असा नियम होता. यादी तयार करण्याचे काम समितीने विश्वासाने माझ्याकडे सोपवले. अर्ज दोन प्रकारचे होते. बहुतेक मुले कर्नाटकाच्या दहावी मंडळाची, तर चारदोन मुले कँपातील केंद्रीय शाळांची. सर्वांना एकाच मापाने मोजावे, या सद्हेतूने मी प्रत्येक मुलाच्या प्रत्येक विषयाचे शेकडा गुण काढले, त्यांची बेरीज केली, विषयांच्या संख्येने भागले आणि यादी लावली. समितीने सही केली. यादी फलकावर लागली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी वडगावातील एक यंत्रमाग चालवणारे गृहस्थ मुलीची गुणपत्रिका, म्हणजे आपण सारे ज्याला मार्क्सकार्ड म्हणतो ते, हातात घेऊन कार्यालयात आले. अंगावर सुताचे कण तसेच होते. त्यांच्या मुलीचा क्रमांक यादीत अकरावा होता. ते भांडले नाहीत. एवढेच म्हणाले, "सर, तुम्ही शिकलेली माणसं. मला हिशेब कळत नाही. पण दहाव्या नंबरच्या मुलीचे बोर्डाचे टोटल आमच्या पोरीपेक्षा एक मार्काने कमी आहे म्हणतात. मग ती वर आणि ही खाली, हे कसं, तेवढं सांगा."

मी कागद काढून समजावू लागलो आणि समजावता समजावता माझ्याच लक्षात आले, की ते बरोबर आहेत आणि मी चुकलो आहे. बेरजेत चूक नव्हती, भागाकारातही नव्हती. चूक होती ती ही, की मी साधी सरासरी काढली होती आणि काढावयास हवी होती भारित सरासरी. पंधरा वर्षे मुलांना सरासरी शिकवणाऱ्या माणसाकडून हे व्हावे, याची शरम मला आजही वाटते. ही भारित सरासरी म्हणजे काय, ती कशी काढावी आणि आईबापांनी तिच्याकडे का लक्ष द्यावे, हे सांगण्याचा या लेखाचा उद्देश आहे.

तांदळाचा हिशेब

सरासरी म्हणजे सर्वांना सारखे वाटून दिले तर एकेकाच्या वाट्याला काय येईल तो आकडा. पाच मुलांजवळ मिळून पन्नास चिंचोके असतील, तर सरासरी दहा. येथे प्रत्येक मूल एकच, प्रत्येकाचे वजन सारखे, म्हणून साधी सरासरी चालते. पण सर्व गोष्टी अशा सारख्या वजनाच्या नसतात.

माझ्या वडिलांचे रविवार पेठेजवळ तांदळाचे लहानसे दुकान होते. आमच्या घरात बोलणे दख्खनी उर्दूत चाले, पण दुकानाची वही मराठीत असे, आणि मी मराठी शाळेत जात असल्यामुळे ती लिहिण्याचे काम माझ्याकडे असे. मी दहाएक वर्षांचा असेन. एके दिवशी अब्बांनी दोन प्रकारचे तांदूळ मिसळले. एक ६ रुपये किलोचा, तो ३० किलो. दुसरा १० रुपये किलोचा, तो १० किलो. मला विचारले, "मिश्रणाची खरेदी किलोला किती पडली?" शाळेत नुकतीच सरासरी शिकलो होतो. ताबडतोब म्हणालो, "सहा आणि दहा सोळा, भागिले दोन, आठ रुपये." अब्बा हसले आणि म्हणाले, "दोनों बोरियाँ बराबर हैं क्या रे?"

त्या एका प्रश्नात सारा धडा आहे. दोन्ही पोती सारखी नव्हती. हिशेब असा करावयाचा :

६ रुपये × ३० किलो = १८० रुपये
१० रुपये × १० किलो = १०० रुपये
एकूण ४० किलो, किंमत २८० रुपये
२८० ÷ ४० = ७ रुपये किलो

स्वस्त तांदूळ तिप्पट होता, म्हणून सरासरी त्याच्याकडे झुकली. येथे ३० आणि १० हे भार झाले. नियम एका वाक्यात सांगावयाचा तर असा : प्रत्येक किमतीला तिच्या भाराने गुणावे, सर्व गुणाकारांची बेरीज करावी आणि त्या बेरजेला भारांच्या बेरजेने भागावे. येणारे उत्तर म्हणजे भारित सरासरी. सर्व भार सारखे असले, तर हीच साधी सरासरी होते. म्हणजे साधी सरासरी ही काही वेगळी जात नव्हे, ती भारित सरासरीचीच एक सोपी तऱ्हा आहे.

हा नियम आपल्याकडे नवा नाही. भास्कराचार्यांनी इ. स. ११५० च्या सुमारास लिहिलेल्या लीलावतीत सुवर्णगणित म्हणून एक प्रकरण आहे. निरनिराळ्या कसाचे सोने एकत्र आटवले, तर मिश्रणाचा कस किती येईल, हे त्यात काढावयाचे असते. सोन्याच्या प्रत्येक तुकड्याच्या वजनाला त्याच्या कसाने गुणावे, बेरीज करावी आणि एकूण वजनाने भागावे, हीच ती रीत. आजच्या भाषेत १२ ग्रॅम २२ कॅरटचे आणि ४ ग्रॅम १८ कॅरटचे सोने आटवले, तर २६४ आणि ७२ मिळून ३३६, भागिले १६, म्हणजे २१ कॅरट. जो सराफ २२ आणि १८ यांची साधी सरासरी २० सांगेल, त्याच्या दुकानात आपण पुन्हा जाणार नाही. मग मुलांच्या गुणांच्या बाबतीत तोच हिशेब आपण का खपवून घ्यावा?

६२५ गुणांची परीक्षा

आता माझ्या चुकीकडे येऊ. कर्नाटकाच्या दहावीची परीक्षा त्या वर्षी ६२५ गुणांची होती, आणि २०२४ सालीही ती तशीच होती. विषय सहा. पहिली भाषा १२५ गुणांची आणि बाकीचे पाच विषय प्रत्येकी १०० गुणांचे. पहिल्या भाषेत लेखी १०० व अंतर्गत २५, इतर विषयांत लेखी ८० व अंतर्गत २०. आपल्या मराठी माध्यमाच्या मुलांची पहिली भाषा मराठी असते. म्हणजे सहा विषयांत सर्वांत जड विषय मराठी. ६२५ पैकी १२५ हे एकूण गुणांचे २० टक्के झाले, तर इतर प्रत्येक विषय १६ टक्के. परीक्षेची रचना मंडळ बदलू शकते, तेव्हा आपल्या मुलाच्या वर्षीची रचना शाळेतून विचारून घ्यावी. रीत मात्र बदलत नाही.

दोन विद्यार्थिनी घेऊ. एकीला क म्हणू, दुसरीला ख. हे आकडे त्या प्रसंगातील मुलींचे नव्हेत. रीत स्पष्ट दिसावी म्हणून मी ते बेतले आहेत.

क चे गुण : मराठी १२५ पैकी ११८, इंग्रजी ८४, कन्नड ८६, गणित ९१, विज्ञान ८८, समाजविज्ञान ९०. एकूण ५५७.

ख चे गुण : मराठी १२५ पैकी १०४, इंग्रजी ८९, कन्नड ९०, गणित ९३, विज्ञान ८९, समाजविज्ञान ९१. एकूण ५५६.

मंडळाच्या हिशेबाने क ला ५५७ ÷ ६२५ म्हणजे शेकडा ८९.१२ आणि ख ला ५५६ ÷ ६२५ म्हणजे शेकडा ८८.९६. क पुढे आहे.

आता मी केलेला हिशेब पाहा. मराठीचे शेकडा गुण काढले. क चे ११८ ÷ १२५ म्हणजे ९४.४ आणि ख चे १०४ ÷ १२५ म्हणजे ८३.२. मग सहा विषयांच्या शेकडेवारीची बेरीज करून ६ ने भागले :

क : ५३३.४ ÷ ६ = ८८.९०
ख : ५३५.२ ÷ ६ = ८९.२०

ख पुढे गेली. गुणपत्रिका त्याच, मुली त्याच, परंतु क्रम उलटा झाला. कारण शेकडेवारी काढताना मी मराठीचे १२५ गुण दाबून १०० केले, आणि ज्या मुलीने मराठीत कष्ट केले होते, तिच्या कष्टांचा पाचवा हिस्सा माझ्या कागदावरून नाहीसा झाला. शेकडेवारीच ठेवावयाची होती, तर मराठीच्या शेकडेवारीला १.२५ ने, इतरांना १ ने गुणून बेरजेला ६.२५ ने भागावयास हवे होते. क साठी ते असे : ९४.४ × १.२५ = ११८; त्यात ४३९ मिळवून ५५७; भागिले ६.२५ म्हणजे ८९.१२. मंडळाचेच उत्तर आले.

यातून सभासद आईबापांना एक गोष्ट सांगावीशी वाटते. "मराठी काय, ती घरचीच भाषा, तिचा अभ्यास कशाला?" असे आपण फार सहज म्हणतो, आणि शिकवणी लावतो ती गणिताची नि इंग्रजीची. त्या विषयांना महत्त्व द्यावे, माझे पोट त्यावरच चालते. पण गणितात शेकडा एक गुण वाढला, तर एकूणात एक गुण वाढतो; मराठीत शेकडा एक वाढला, तर सव्वा गुण वाढतो. ज्या घरात भार कळतो, त्या घरात मराठीचे पुस्तक परीक्षेच्या आदल्या रात्रीपर्यंत बंद राहत नाही.

चाचणी, सहामाही, वार्षिक

शाळेच्या वर्षभराच्या निकालातही हीच बाब येते, आणि तेथे आणखी एक खाच आहे. किती गुणांपैकी परीक्षा घेतली हे एक, आणि तिला निकालात किती भार आहे हे दुसरे. या दोहोंची गल्लत होता कामा नये. समजा, एका शाळेने ठरवले, की चाचणीला २० टक्के, सहामाहीला ३० टक्के आणि वार्षिकला ५० टक्के भार द्यावयाचा. एका मुलाला चाचणीत २५ पैकी २० मिळाले, सहामाहीत ५० पैकी ३० आणि वार्षिकात १०० पैकी ७०.

प्रथम तिन्हींचे शेकडा गुण काढावेत : ८०, ६० आणि ७०. मग भाराने गुणावे :

८० × २० = १६००
६० × ३० = १८००
७० × ५० = ३५००
बेरीज ६९००, भागिले १०० = ६९

मुलाची भारित सरासरी ६९. आता गंमत पाहा. कोणी ८०, ६०, ७० यांची साधी सरासरी काढील, तर ७० येईल. कोणी मिळालेले सारे गुण मिळवील, १७५ पैकी १२०, तर ६८.५७ येईल. एकाच मुलाची तीन उत्तरे झाली. शाळेने जाहीर केलेल्या नियमाप्रमाणे त्यांतील एकच खरे आहे, ते ६९. म्हणून पालकांनी निकालपत्रक पाहताना "किती टक्के?" या प्रश्नाच्या आधी "भार कसे आहेत?" हा प्रश्न विचारावा.

या रीतीचा खरा उपयोग निकाल लागल्यावर नसून लागण्यापूर्वी आहे. वार्षिक परीक्षा तोंडावर आली असता पुष्कळ मुले मला विचारतात, "सर, मला पंचाहत्तर टक्के पडतील का?" मी म्हणतो, ज्योतिषाला विचारू नकोस, भागाकार कर. वरच्याच मुलाचे उदाहरण घेऊ. वार्षिक परीक्षा अजून व्हावयाची आहे. त्याला ७५ हवेत, म्हणजे एकूण गुणाकार ७५ × १०० = ७५०० हवा. चाचणी व सहामाही मिळून ३४०० जमा आहेत. उरले ४१००. वार्षिकचा भार ५०. म्हणून ४१०० ÷ ५० = ८२. वार्षिकात ८२ मिळवले, की ७५ पडतील. हा आकडा मुलाने टेबलासमोर लिहून ठेवावा.

याच हिशेबाने अशक्य काय, तेही कळते. वार्षिकात पैकीच्या पैकी मिळाले, तर ३४०० आणि ५००० मिळून ८४००, म्हणजे ८४. आता त्या मुलाला पंच्याऐंशी टक्के पडणे गणितानेच शक्य नाही. असे असता वडिलांनी "नव्वदच्या खाली आलास तर घरात पाऊल ठेवू नकोस" असे म्हणणे हे हिशेबाला धरून नाही आणि मायेलाही धरून नाही. मार्च महिन्यात मुलांच्या छातीवर जे ओझे असते, त्यातील बरेचसे अशा न मांडलेल्या गणिताचे असते.

श्रेणी आली, टक्के गेले

२०१० ते २०१७ या काळात केंद्रीय मंडळाच्या दहावीत गुणांऐवजी श्रेणी होत्या. प्रत्येक श्रेणीला १० पर्यंतचा श्रेणीगुण असे आणि पाच मुख्य विषयांच्या श्रेणीगुणांची सरासरी सीजीपीए म्हणून दिली जाई. समजा, श्रेणीगुण १०, ९, ९, ८ आणि १० असतील, तर बेरीज ४६, भागिले ५ म्हणजे ९.२. येथे पाचही विषयांचा भार सारखा असल्यामुळे साधी सरासरी योग्यच. परंतु ९.२ म्हणजे ९२ टक्के नव्हेत. अंदाजी टक्के काढण्यासाठी मंडळाने ९.५ ने गुणावयास सांगितले होते. ९.२ × ९.५ = ८७.४. त्या वर्षांत आपल्याकडे आलेल्या काही अर्जांवर मुलांनी सरळ दहाने गुणून टक्के लिहिले होते. ती लबाडी नव्हती, अज्ञान होते. पण शिष्यवृत्तीच्या यादीत अशा ४.६ टक्क्यांच्या फरकाने कोणाचे तरी नाव खाली सरकते, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

चारपैकी चारच्या वर

गेल्या वर्षी आपल्या एका वडीलधाऱ्या सभासदांनी मला गाठले. त्यांचा नातू अमेरिकेत हायस्कुलात शिकतो. ते म्हणाले, "मास्तर, पोरगा कळवतो की त्याचे जीपीए चारपैकी चार पूर्णांक शून्य नऊ आहे. चारपैकी चारच्या वर मिळतात कसे? पोरगा थापा मारतो की तिकडच्या लोकांना गणित येत नाही?" मी म्हणालो, "तात्या, दोन्ही नाही."

तिकडे बहुतेक शाळांत ए श्रेणीला ४, बी ला ३, सी ला २, डी ला १ आणि नापासाला ० असे श्रेणीगुण धरतात. पण एकाच शाळेत एखादा मुलगा साधे गणित घेतो, तर दुसरा ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट म्हणून ओळखला जाणारा, महाविद्यालयाच्या दर्जाचा अवघड अभ्यासक्रम घेतो. दोघांनाही बी मिळाला, तर दोघांचे कष्ट सारखे कसे? म्हणून पुष्कळ शाळा अवघड अभ्यासक्रमाला जादा श्रेणीगुण देतात. सामान्यतः ॲडव्हान्स्ड प्लेसमेंटला १ आणि ऑनर्सला अर्धा. याखेरीज प्रत्येक विषयाला क्रेडिट असते. वर्षभराच्या विषयाला १, अर्ध्या वर्षाच्या विषयाला अर्धे. उदाहरणार्थ :

गणित, ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट, १ क्रेडिट, ए : ४ + १ = ५
इतिहास, ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट, १ क्रेडिट, बी : ३ + १ = ४
विज्ञान, ऑनर्स, १ क्रेडिट, ए : ४ + अर्धा = ४.५
इंग्रजी, साधे, १ क्रेडिट, ए : ४
स्पॅनिश, साधे, १ क्रेडिट, बी : ३
शारीरिक शिक्षण, साधे, अर्धे क्रेडिट, ए : ४ × अर्धा = २

बेरीज २२.५. एकूण क्रेडिट साडेपाच. २२.५ ÷ ५.५ = ४.०९. जादा श्रेणीगुण वगळले, तर बेरीज २० आणि सरासरी ३.६४. दोन्ही आकडे त्याच मुलाचे.

गणिताच्या दृष्टीने येथे एक बारकावा आहे. तिकडे ज्याला भारित जीपीए म्हणतात, त्यातला जादा गुण हा खऱ्या अर्थाने भार नव्हे. तो तांदळाचा भाव वाढवल्यासारखा आहे. खरा भार म्हणजे क्रेडिट, ते तांदळाचे वजन. भाव वाढवला म्हणून सरासरी चारच्या वर गेली. नुसत्या वजनाने ती कधीही सर्वांत मोठ्या आकड्याच्या वर जाऊ शकत नाही. साधी असो वा भारित असो, सरासरी नेहमी सर्वांत लहान व सर्वांत मोठ्या आकड्याच्या दरम्यानच राहते. उत्तर त्याबाहेर गेले, तर कोठेतरी भाव वाढवलेला आहे किंवा हिशेब चुकला आहे, असे खुशाल समजावे.

जादा गुण किती द्यावयाचे, हे तेथे शाळेगणिक बदलते. काही शाळा ते देतच नाहीत. म्हणून महाविद्यालये पुष्कळदा आपला हिशेब स्वतः करतात. कॅलिफोर्निया विद्यापीठ प्रवेशासाठी असा जादा गुण धरते, पण सत्रांची मर्यादा घालून, आठ सत्रांपुरताच. तात्पर्य, दोन शाळांच्या दोन आकड्यांची तुलना त्यांचे नियम पाहिल्याशिवाय करता येत नाही. तात्यांचे समाधान झाले. जाताना म्हणाले, "म्हणजे नातवाला शाबासकी कळवतो." मी म्हणालो, "इतिहासात बी आहे, पण अवघड अभ्यासक्रमातला आहे, त्याचीही वेगळी शाबासकी कळवा."

भार ठरवतो कोण?

आता मुख्य मुद्दा. तांदळाचे वजन तराजू सांगतो. गुणांचा भार माणसे ठरवतात. मराठीला १२५ आणि विज्ञानाला १००, चाचणीला २० आणि वार्षिकला ५०, हे कोणी तरी बसून ठरवलेले असते. त्यात काही चूक नाही, कोणी तरी ठरवलेच पाहिजे. पण तीन अटी पाळल्या पाहिजेत. भार परीक्षेपूर्वी ठरावा, तो सर्वांना आधी सांगावा आणि सर्वांना सारखा लावावा. निकाल हाती आल्यावर जो भार ठरतो, तो न्याय राहत नाही. आणि ज्याने भाराचा विचारच केला नाही, त्यानेही एक भार लावलेला असतोच, तो म्हणजे सर्वांना सारखा. २०१६ साली मी हेच केले. कोणावर अन्याय करावा असे मनातही नव्हते, पण न विचारता लावलेल्या भाराने तो झाला.

सरासरीला आणखी एक मर्यादा आहे, तीही शिक्षक म्हणून सांगितली पाहिजे. सरासरी झाकते. भाषेत ९५ आणि गणितात ४५ असलेला मुलगा व दोन्हींत ७० असलेला मुलगा यांची साधी सरासरी सारखी, पण दोघांना लागणारी मदत निराळी. निकालपत्रकाच्या तळाचा आकडा वाचून पत्रक मिटू नये. वरच्या ओळी वाचाव्यात. शाळेत घालवलेले वर्ष तेथे असते.

म्हणून न्यासाच्या शिष्यवृत्ती समितीला व सभासदांना माझ्या चार सूचना आहेत. एक, अर्जावर मुलाने टक्के लिहावयाचे नसून मिळालेले गुण व एकूण गुण, दोन्ही लिहावयाचे. दोन, एकाच मंडळाच्या मुलांचा क्रम मंडळाच्या एकूण गुणांवरून लावावा, आपली वेगळी सरासरी काढू नये. तीन, निरनिराळ्या मंडळांची मुले असतील, तर त्यांच्या वेगळ्या याद्या कराव्यात किंवा कोणता हिशेब लावणार, ते अर्जाच्या कागदावरच छापावे. चार, पहिल्या व नंतरच्या क्रमांकांत एखाद्या गुणाचाच फरक असेल, तर आकड्याला सर्वज्ञ समजू नये. घरची परिस्थिती पाहावी. एका गुणाने हुशारी ठरत नाही.

आता त्या प्रसंगाचा शेवट. त्या संध्याकाळी मी समितीपुढे चूक कबूल केली. कोणी मला टाकून बोलले नाही. प्रश्न असा होता, की दहाव्या मुलीचे नाव जाहीर झालेले. तिचा काय दोष? तिला दिलेले परत घ्यावयाचे कसे? त्या वेळच्या चिटणीसांनी सांगितले, की चूक आपली, तेव्हा तिची किंमतही आपणच द्यावयाची. चार सभासदांनी तेथेच खिशात हात घातला, मीही घातला आणि त्या वर्षी शिष्यवृत्त्या दहाच्या अकरा झाल्या. सुधारलेली यादी दुसऱ्या दिवशी फलकावर लागली. तिच्याखाली चूक कशी झाली, हे तीन ओळींत माझ्या सहीने लिहिले होते.

मागवाले गृहस्थ यादी पाहावयास आले होते. त्यांनी त्या तीन ओळी दोनदा वाचल्या आणि मला विचारले, "सर, हे भाराचं गणित आमच्या धाकट्यालाही शिकवाल का?" त्यांचा धाकटा पुढे तीन वर्षे माझ्या वर्गात होता. तेव्हापासून दरवर्षी न्यासाच्या तक्त्यात गुणांच्या शेजारी एक रकाना आखलेला असतो. त्याच्या डोक्यावर लिहिलेले असते : भार. तो रकाना भरल्याशिवाय मी बेरजेला हात लावत नाही.